अक्काचं डिपॉझिट

ही वही कधी कुणाच्या हाती लागली, तर आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. जोडाक्षर आलं की पेन अडतं. अक्षर तर असं, की मुलगी म्हणते, "आई, कागदावर कोंबडी नाचली का गं?" वही तिचीच आहे, शाळेच्या वहीतली उरलेली कोरी पानं. चुकलेलं समजून घ्यावं. मला चार माणसांत बोलता येत नाही, घशातच राहतं. लिहिताना निदान समोर कुणी नसतं.

माझ्या थोरल्या भावंडाचं लिहायचं आहे. ती जन्मली मुलगा म्हणून. मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत तिला दादा म्हणायचे.

आमचं माहेर डिंभ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. वडील उतारावर भात आणि नाचणी करायचे. दादा आईबरोबर पाण्याला जायचा, दोन हंडे एकावर एक घेऊन बायकांच्या रांगेत चालायचा. बसून भाकरी थापायचा. त्यावरून वडिलांनी त्याला फार मारलं. एकदा तर बैलाच्या दाव्यानं बांधून ठेवलं. पुढं पंधरा-सोळाव्या वर्षी त्याच्या केसांत जट आली. आईनं तेल लावून, फणी मोडेस्तोवर विंचरून बघितलं, सुटेना. मग म्हातारी माणसं म्हणाली, हे देवीचं बोलावणं आहे. देवीला नेलं, गळ्यात पांढऱ्या-लाल मण्यांची माळ बांधली, लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या आणि हातात परडी दिली. घरी आल्यावर सगळ्यात आधी वडीलच पाया पडले. मी तेव्हापासून अक्का म्हणायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

जोगतीण झाल्यावर गावानं तिला मान दिला. मंगळवारी आणि शुक्रवारी ती परडी घेऊन गावोगाव जोगवा मागायची. बायका सुपानं धान्य आणायच्या, परडीत नाणं टाकायच्या, कपाळाला भंडारा लावून घ्यायच्या. बारशाला पोर तिच्या मांडीवर द्यायच्या. पोरं मागून ओरडायची, दगडही मारायची. अक्का वळून म्हणायची, "मार रे राजा, तुझ्या बारशाला मीच भंडारा लावलाय, तवा तर माज्या लुगड्यावर मुतला व्हतास!" पोरं पळून जायची.

मला लोणीला दिलं. तिकडं जमीन कोरडवाहू, पाऊस झाला तर बाजरी. म्हणून नवरा बाजाराच्या गावी धान्याच्या आडतीवर हमालीला लागला आणि आम्ही तिथं एक खोली घेतली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट. तिथं एका डॉक्टरांचा दवाखाना होता, दहा-बारा खाटांचा, बाळंतपणं आणि ऑपरेशनं व्हायची. मी मावशी म्हणून कामाला लागले. फरशी पुसायची, चादरी धुवायच्या, ऑपरेशनचं सामान उकळून ठेवायचं. सहा वर्षं केलं.

तिथं माझ्या माहेरची चौकशी झाली, तेव्हा मी सांगितलं, "आई आणि एक भाऊ." भाऊ काय करतो, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आणि मग एका मंगळवारी अक्का त्याच दवाखान्याच्या दारात जोगवा मागायला आली. डॉक्टरांच्या बाई सूप घेऊन बाहेर गेल्या. मी चादरींच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. पुढच्या मंगळवारी लपायला जमलं नाही. हातात पोछा, आणि अक्का समोर. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. माझं तोंड बघून तिला कळलं असणार. तिनं मान वळवली आणि गाणं पुढं चालू ठेवलं. त्यानंतर दर मंगळवारी ती यायची आणि माझ्याकडं बघायची नाही. संध्याकाळी आडवाटेनं आमच्या खोलीवर यायची, पोरांना मांडीवर घ्यायची, भाकरी-कालवण खायची. त्या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही.

डॉक्टरांना बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. बाईंनी निरोप पाठवून अक्काला बोलावलं. ओटी भरली, बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टरसाहेब स्वतः वाकून पाया पडले. कंपाउंडर आणि सिस्टरही पडले. मी बाळाचे कपडे हातात घेऊन भिंतीला उभी होते. मीही पडले, सगळे पडले म्हणून.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, उन्हाळा होता, अक्का सकाळच्या पहिल्या एसटीनं माझ्या खोलीवर आली. ओटीपोटावर दोन्ही हात दाबलेले, तोंड राखेसारखं.

"काय गं?"

"कालच्यानं लगवी तुंबलीय. येक थेंब न्हाई. पोट बघ, नगारा झालाय."

मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांकडं जाऊ. ती म्हणाली, "तितं नगं. तुजी नोकरी हाय तितं."

खरं तर मी तिथंच 'बरं' म्हणून दुसरीकडं न्यायला हवं होतं. पण मला वाटलं, माझं सहा वर्षांचं काम आहे, माझा शब्द चालेल. फक्त ती माझी कोण, हे कळायला नको. म्हणून मी तिला सांगितलं, आज लुगडं सोड, यांची पँट-शर्ट घाल. डोक्याला टॉवेल गुंडाळ. बांगड्या उतरव.

नवरा कामावर निघाला होता, दारात थांबला. "हाय तशी ने की. दर मंगळवारी बघत्यात त्ये लोक तिला. पाया पडत्यात."

"तुमाला न्हाई कळायचं."

"मला न्हाई कळायचं," तो म्हणाला आणि गेला.

जोगतिणीनं बांगड्या उतरवायच्या नसतात. सवाष्णीसारखंच ते असतं. अक्कानं हाताला साबण लावून एकेक बांगडी काढली, पोटात कळ आली की थांबायची. माळ काढली नाही. "ही न्हाई निघायची," म्हणाली. "बाकी तू म्हनतीस म्हनून." माळ शर्टाच्या आत गेली.

दवाखान्यात मी केसपेपरवर तिचं लहानपणचं नाव सांगितलं. पुरुष म्हणून सांगितलं. कंपाउंडर म्हणाला, ऑपरेशन लागेल, तीन हजार डिपॉझिट भरा. माझ्याकडं शंभरही नव्हते. अक्कानं कमरेची पिशवी सोडली. जोगव्याच्या पैशातून बाजूला टाकून टाकून जमवलेले होते, देवीच्या मुखवट्याला चांदी चढवायची होती तिला. सगळ्या दहाच्या, पाचच्या नोटा. कंपाउंडर मोजताना वैतागला. "काय पाव्हनं, पानाची टपरी फोडली काय?" पावती फाडून त्यानं माझ्या हातात दिली.

तिला पुरुषांच्या खोलीत खाट मिळाली. सिस्टर इंजेक्शन द्यायला आली, शर्टाची बटणं सोडली, आणि माळ दिसली. तिनं डोक्याचा टॉवेल ओढला. जट खाली कमरेपर्यंत आली.

"अगं बाई! हा तर आपला मंगळवारचा!"

ती अशी हसली, की शेजारच्या खोलीतली माणसं आली. कंपाउंडर धावत आला. "बघू, बघू. आनखी काय काय लपवून आनलंय?" आणि त्यानं पँटची बटणं काढली. पडदा होता, तो कुणी ओढला नाही. खाटांवरची माणसं उठून बसली, त्यांच्याकडं आलेली माणसं पुढं सरकली. फक्त एक म्हातारा होता, मांडी मोडलेला, त्यानं तोंड भिंतीकडं केलं. बाकी सगळ्यांनी बघितलं. कंपाउंडर काय काय बोलला ते मला आठवतं आहे, पण इथं लिहिणार नाही. अक्कानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. झाकायचं होतं ते तिला झाकू दिलं नाही, म्हणून तिनं तोंड झाकलं.

मी दारात होते. सात-आठ पावलांवर.

शेजारच्या खाटेवरच्याची बायको म्हणाली, "आमच्या मानसाजवळ नगं हे."

सिस्टर म्हणाली, "बायकांच्यात तर मुळीच नको."

"मग काय गोठ्यात बांधू?" कंपाउंडर म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

तिला स्ट्रेचरवर घालून संडासाच्या बोळात नेऊन ठेवलं. तिथं सिस्टरनं मला विचारलं, "मावशी, तूच आणलंस ना याला? कोण गं तुझा?"

"गावाकडचा हाय. लांबचा."

अक्कानं तोंडावरचा एक हात काढला. माझ्याकडं बघितलं. मग हात परत ठेवला.

डॉक्टर आले. हातभर लांब उभे राहिले. ते शांतपणेच बोलायचे, त्या दिवशीही शांतपणेच बोलले. "खोटं नाव, खोटे कपडे. असं फसवून आलेल्या माणसावर मी काय विश्वास ठेवू? आधी एड्सची तपासणी करा. रक्त पुण्याला जाईल, रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील. मग बघू." केसपेपरवर त्यांनी लाल पेनानं काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

अक्का म्हणाली, "डाक्टर, रिपोट येईस्तवर माजं पोट फुटलं, तर फरशी तुमचीच घान व्हईल. अन् पुसाया लागंल या बिचाऱ्या मावशीला."

मला ती मावशी म्हणाली. एवढं होऊनही माझं खोटं तिनं सांभाळलं.

डॉक्टर हसले नाहीत. निघून गेले. लघवी तुंबलेल्या माणसाला नळी घालायला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक होतं. पाच मिनिटं. माझ्यासमोर त्यांनी कितीजणांना घातली होती. ती नळी आतल्या स्टीलच्या डब्यात होती. आदल्या दिवशी मीच उकळून ठेवली होती.

लोक म्हणतील, डॉक्टर वाईट होता. तसं नव्हतं. गरिबाचं बिल कमी करायचा. माझ्या मुलीला विंचू चावला तेव्हा जेवणावरून उठून आला होता. म्हणूनच मला अजून कळत नाही, की त्या दिवशी पाच मिनिटं त्याला का मिळाली नाहीत.

थोड्या वेळानं सिस्टर म्हणाली, बोळात फिनेल टाकून पुसून घे. मी पुसलं. स्ट्रेचरच्या चाकांभोवतीनं पुसलं. वर अक्का कण्हत होती आणि मी खाली पुसत होते. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही.

दुपारच्या सुट्टीत तो जेवायला घरी न जाता सरळ दवाखान्यात आला. बोळात आला, बघितलं, आणि मोठ्यांदा म्हणाला, "अक्का, चल. जीप आनतो." सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो आणि जीपवाला दोघांनी तिला उचलून पुढच्या दारानं नेलं. मीही गेले. पण मी मागच्या दारानं गेले आणि कोपऱ्यावर जीपमध्ये बसले.

पुण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचेस्तोवर दिवस कलला होता. तिथं एक कोवळी डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिनं कागदाकडं बघितलं, जटेकडं बघितलं, आणि विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?"

"अक्का म्हन, बाई."

"बरं अक्का, पाय ढिले सोडा. थोडं दुखेल." पडदा ओढून घेतला आणि नळी घातली. पिशवी भरली, दुसरी लावली, तीही भरत आली. डॉक्टरीण मला म्हणाली, "सकाळपासून कुठं होता तुम्ही?"

मी भरलेली पिशवी उचलली आणि ओतायला गेले.

पाच दिवसांनी नळी काढून घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, लघवीची वाट आतून आवळली आहे, दर महिन्याला येऊन ती मोठी करून घ्यावी लागेल. नाही आलात तर पुन्हा तुंबेल. आणि मूत्रपिंड आधीच दुखावलं आहे, ते पुन्हा सोसणार नाही.

महिना झाला. मी अक्काला न्यायला माहेरी गेले. ती देवीच्या खोलीत बसली होती, हातात नव्या बांगड्या.

"मी न्हाई येत," म्हणाली.

"अगं पन तुंबल म्हनाल्यात."

"तुंबू दे. येकदा मानसांम्होरं उगडी झाले त्येवडं पुरं. दर म्हैन्याला कोन झालंय उगडं?"

मी किती विनवलं. आई रडली. शेवटी ती म्हणाली, "जाईन. पन आधी माजं डिपॉजिट आन. त्ये जोगव्याचे पैसे हायेत, देवीचे. मला बोट लावलं न्हाई अन् पैसे ठिवून घेतले. म्हंजी त्यांच्या वहीत मला दवा झालाय. त्या वहीत मी बरी होऊन घरी गेलीया. त्ये तसं लिवलेलं असताना मी दुसऱ्या डाक्टरच्या दारात पाय ठिवनार न्हाई."

"मी सांगते ह्यास्नी. त्ये आनत्याल."

"त्यानं न्हाई. तू आन. तितं तू न्हेली व्हतीस मला."

लाज वाटते सांगायला, मी तोवर त्याच दवाखान्यात कामाला जात होते. पुण्याहून आल्यावर चौथ्या दिवशी गेले. तोच बोळ पुसत होते.

मागायचं धाडस होईना, म्हणून मी एक युक्ती केली. बायकांच्या बचत गटातून तीन हजार उचलले आणि अक्काला नेऊन दिले. म्हटलं, दिले त्यांनी.

"कुनी दिले?"

"डाक्टरांनी."

"काय म्हनाले देताना?"

मी हातातल्या बांगड्या मागं-पुढं करायला लागले.

"तुला खोटं बोलता येत न्हाई," अक्का म्हणाली, "अन् खरं बी बोलता येत न्हाई. कसं करायचं गं तुजं?" आणि पैसे माझ्या पदरात टाकले. त्या दिवशी मी तिथंच राहिले. ती घरामागं गेली की लवकर येत नसे. आई हळूच म्हणाली, "धार बारीक झालीया. सुतावानी."

दुसऱ्या दिवशी मी कंपाउंडरला विचारलं. तो एकटा होता तेव्हा, हळू आवाजात. "त्या दिवशीचं डिपॉझिट परत पाहिजे होतं."

"कुणाचं? त्या तुझ्या गावाकडच्या लांबच्याचं?"

"लांबची न्हाई. माझी बहीण हाय. थोरली."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मग "बहीण!" म्हणून खुर्चीतच मागं रेलून हसला. दुपारपर्यंत सगळ्या दवाखान्याला कळलं. संध्याकाळी बाईंनी मला बोलावून पगार हातात दिला. म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस. पेशंटच्या मनात शंका येतात गं, तुझ्या हातचं सामान वापरायचं म्हणजे. समजून घे." याच बाईंनी अक्काच्या मांडीवर आपलं बाळ ठेवलं होतं.

मी डिपॉझिटचं विचारलं. म्हणाल्या, हिशोब बघावा लागेल, खाट वापरली, केसपेपर झाला, डॉक्टरांनी तपासलं.

"तपासलं न्हाई," मी म्हटलं. एवढंच जमलं.

मग मी मंगळवारी जायला लागले. इतर दिवशी कांदा काढायला, भुईमूग तोडायला जायचे, मंगळवारची मजुरी मोडायचे. दवाखाना उघडला की पेशंटच्या बाकावर जाऊन बसायचे, पावती हातात धरून. तो बाक मी सहा वर्षं पुसला होता, बसले कधी नव्हते. मला भांडता येत नाही. ओरडता येत नाही. बसता येतं. आलेलं माणूस बाकावर बसलं की शेजारच्याला विचारतंच.

"काय हुतंय बाई तुमाला?"

"मला काय न्हाई. डिपॉझिट न्यायला आले."

"कसलं?"

मग सांगावं लागायचं. माझा आवाज इतका बारीक, की माणसं कान पुढं करायची, आणि एकानं कान पुढं केला की दुसराही करायचा. "बहिणीची लगवी तुंबलीवती. जोगतीण हाय. उगडी करून हसले अन् बोळात टाकली. हात लावला न्हाई. पैसे ठिवले." दर वेळी तेच, तितकंच. घोकल्यासारखं झालं होतं, म्हणून जमत होतं.

सगळे काही माझ्या बाजूचे नव्हते. एक बाई सरकून बसली. दुसरी म्हणाली, "बरं केलं डाक्टरांनी. तसल्यांचं काय लागून ऱ्हातंय!" तिला मी ओळखत होते. गेल्या साली सुनेला दिवस जाईनात म्हणून तिनं अक्काची परडी नारळानं भरली होती आणि त्याच सुनेला त्या दिवशी तपासायला घेऊन आली होती.

एक शेतकरी मात्र मोठ्यांदा म्हणाला, "आयला, मढ्याला बी हात लावत्यात लोक!" कंपाउंडरनं त्याला पुढचा नंबर दिला, लवकर आत जावा म्हणून.

चौथ्या मंगळवारी कंपाउंडरनं एक हजार आणून बाकावर ठेवले. "घे अन् जा, मावशी. साहेबांनी मनानं दिलेत." मी घेतले, गाठीला बांधले, आणि परत बसले. म्हटलं, "दोन राहिले."

त्यानंतर डॉक्टरांनी आत बोलावलं. म्हणाले, "सहा वर्षं पगार दिला तुला. तुझ्या मुलीला बघितलं. त्याची ही परतफेड का?"

"व्हय, बघितलं साहेब."

"त्या दिवशी खोटं नाव कुणी सांगितलं?"

"मी."

"मग?"

मला उत्तर सुचलं ते घरी जाताना, रस्त्यात. नाव खोटं होतं, पण पोट तर खरं फुगलं होतं. हे मी ओढ्याच्या पुलावर एकटीच बोलले. त्यांच्यासमोर मी पायाच्या अंगठ्यानं त्यांची फरशी उकरत उभी राहिले आणि मग बाहेर येऊन बाकावर बसले.

असं करता करता पाच महिने गेले. अक्काला अधूनमधून ताप यायचा, पाय सुजायचे. नंतर जेव्हा ती पुण्याला गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एका बाजूचं मूत्रपिंड कायमचं गेलं. ते त्या एका दिवसात गेलं, का पैशांपायी घालवलेल्या महिन्यांत, ते आता सांगता यायचं नाही. मी ते वाटून घेतलं आहे. काही डॉक्टरांकडं, काही माझ्याकडं. अक्काच्या हट्टाकडं मी काहीच दिलं नाही.

शेवटचा मंगळवार. हॉल भरलेला, तापाची साथ होती. बाईंनी मला गल्ल्याजवळ बोलावलं. दोन हजार रुपये मोजून ठेवलेले, शेजारी एक कागद. "सही कर आणि घे. मिटवून टाकू."

मी कागद घेतला. मला मनात वाचता येत नाही. चौथीत गुरुजींनी उभं करून मोठ्यानं वाचायला शिकवलं, तेवढंच येतं. अक्षर तोंडातून बाहेर आल्याशिवाय मला कळतच नाही. म्हणून मी वाचायला लागले, एकेक शब्द धरून. "रुग्ण... आपल्या... मर्जीने... दवाखाना... सोडून... गेला."

"मोठ्यानं कशाला वाचतेस? सही कर," बाई म्हणाल्या.

"मला तसंच येतं, बाई."

हॉलमधली बोलणी थांबली. "उपचाराबद्दल... कोणतीही..." पुढच्या शब्दाला मी अडले. बाकावरून एक म्हातारा उठून आला, कागदात डोकावला. "तक्रार, बाई. तक्रार."

"तक्रार... नाही," मी वाचलं. मग म्हटलं, "हाय की."

कुणीतरी हसलं. मला नव्हे.

बाईंचं तोंड लाल झालं. "मग काय लिहू? तूच सांग."

"झालं त्ये लिवा."

डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चुरगाळला आणि बाईंना म्हणाले, "डिपॉझिट परत, आकार घेतला नाही, एवढंच लिहा. बास." झालं ते त्यांनी लिहिलं नाही. बाईंनी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: डिपॉझिट परत दिले, उपचाराचा आकार घेतला नाही. तेही मी मोठ्यानं वाचलं. मग सही केली. सही करायला वेळ लागला, कुणी घाई केली नाही. नोटा मोजून घेतल्या आणि पुढच्या दारानं बाहेर आले. मला वाटलं होतं, छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. उन्हात उभं राहून मला नुसती तहान लागली.

तशीच माहेरची एसटी धरली. अक्का ओट्यावर पाय पसरून बसली होती, सूज गुडघ्यापर्यंत चढलेली.

"वहीत काय लिवलं?" तिनं विचारलं.

"डिपॉझिट परत. आकार घेतला न्हाई."

"दवा दिला असं न्हाई ना?"

"न्हाई."

"अन् तू काय बोललीस?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मी पदराची गाठ सोडून आधीचे हजार आणि आजचे दोन हजार तिच्यासमोर ठेवले. तिनं थुंकी लावून एकेक नोट मोजली, पुन्हा उलटीकडून मोजली, आणि परडीत ठेवली.

"पुरे तीन हायेत," ती म्हणाली. "फिटलं. आता सांग, पुन्याची गाडी किती वाजता?"